ध्यान आणि गानश्रवण

इसवी सन १८७७ मध्ये कलकत्त्याचे एक वकील, विश्वनाथ दत्त, कामानिमित्त रायपुरास येऊन राहिले होते. काही काळाने त्यांचे कुटुंबही तिकडे निघाले. अलाहाबाद, जबलपूर असे करीत नागपूरपर्यंत आगगाडीने येता येत असे. पुढे रूळ नव्हते. नागपूरहून रायपूरपर्यंतची वाट बैलगाडीने तुडवावयाची, आणि तिला पंधरवड्याहून अधिक काळ लागावयाचा. त्या गाडीत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. वाटेत एके ठिकाणी दोन्ही बाजूंचे डोंगर अगदी जवळ आले. एका कड्याच्या कपारीत वरपासून खालपर्यंत मधमाश्यांचे प्रचंड पोळे लोंबत होते. माश्यांच्या त्या राज्याला आरंभ कोठे आणि अंत कोठे, याचा विचार करता करता मुलाचे बाह्य भान हरपले. तो भानावर आला तेव्हा गाडी बरीच पुढे निघून गेली होती. हा मुलगा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. हा अनुभव त्यांनीच पुढे सांगितला आणि त्यांच्या चरित्रांत तो नोंदलेला आहे. चरित्रकार त्या डोंगरांना विंध्य म्हणतात. पण नागपूर-रायपूरच्या वाटेवर विंध्य लागत नाही. भंडारा, साकोली, देवरी ओलांडून राजनांदगावकडे जाताना जे डोंगर दिसतात ते सातपुडा आणि मैकल यांचे फाटे आहेत. बंगालमध्ये बसून लिहिणाऱ्याच्या हातून एवढा भूगोल सुटणे क्षम्यच आहे.

रायपुरात हे कुटुंब सुमारे दोन वर्षे राहिले. नरेंद्राच्या इयत्तेची शाळा तेथे नव्हती, म्हणून मुलाचे शिक्षण वडिलांनी आपल्याच हाती घेतले. विश्वनाथबाबू मोठे रसिक गृहस्थ. पाककलेपासून बुद्धिबळापर्यंत अनेक गोष्टींत त्यांना गोडी होती, आणि गाण्याची जाणही होती. गाण्याचे पहिले धडे मुलाला घरातच मिळाले. १८७९ मध्ये कलकत्त्यास परतल्यावर बेणी उस्तादांसारख्या गुरूंकडे त्याला रीतसर तालीम मिळाली. तो धृपदे गाऊ लागला, पखवाज वाजवू लागला. १८८७ मध्ये वैष्णवचरण बसाक यांच्यासह त्याने ‘संगीत कल्पतरू’ हा गीतसंग्रह सिद्ध केला, आणि याच सुमारास बरानगरच्या मठात गुरुबंधूंसह संन्यासही घेतला. एका हाती गाण्याचा ग्रंथ आणि दुसऱ्या हाती विरजाहोमाची समिधा, असे हे वर्ष आहे.

रायपूरच्या बुढापाऱ्यातील बुढा तालाबाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. त्या तळ्यात स्वामीजींचा बसलेला भव्य पुतळा आहे, आणि शहराच्या विमानतळालाही २०१२ पासून त्यांचे नाव आहे. शिल्पकाराने पुतळ्याच्या हाती तंबोरा दिलेला नाही. देणारही नाही; ध्यानस्थ संन्यासी म्हटला की गाणारा संन्यासी आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायी नांदतात तेव्हा एकीचा दुसरीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र त्या तळ्याच्या काठी बसून विचारण्यासारखा आहे. ध्यानाची सवय असलेला मनुष्य गाणे ऐकतो तेव्हा त्याच्या अंतःकरणात नेमके काय घडते?

या प्रश्नाची दोन उत्तरे लोकांत रूढ आहेत. एक असे, की ध्यानाने मन पाषाणासारखे होते. भैरवी ऐकली काय आणि पाटीवर पेन्सिल खरडल्याचा आवाज ऐकला काय, त्याला दोन्ही सारखीच. दुसरे असे, की ध्यानी माणसाला गाण्यात अखंड ब्रह्मानंदच लाभतो, त्याचे डोळे सदा पाणावलेले असतात. पहिले उत्तर ज्यांना ध्यानाचे भय वाटते त्यांचे आहे. दुसरे ज्यांना त्याची भूल पडली आहे त्यांचे. गाण्यावर जीव असलेली अनेक माणसे ध्यानाच्या वाटेला जात नाहीत, ती या पहिल्या भयापोटी. आयुष्यात सुख म्हणून जे थोडेबहुत आहे ते गाणेच. तेही विटून जावयाचे असेल तर ती शांती काय कामाची, असे त्यांना वाटते. हे भय हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

प्रथम ‘ध्यान’ या शब्दाकडे पाहिले पाहिजे, कारण त्याच्या पोटात परस्परांहून फार भिन्न अशा क्रिया दडलेल्या आहेत. एका प्रकारात मन बाहेरून आवरून एका बिंदूवर स्थिर करावयाचे असते. दुसऱ्या प्रकारात जे जे समोर येईल, मग तो श्वास असो, दुखरा गुडघा असो, की रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा असो, ते ते आहे तसे जाणावयाचे, त्याला धरावयाचे नाही आणि लोटावयाचेही नाही. बौद्ध ग्रंथांत याला पाली भाषेत ‘सति’ म्हणतात. संस्कृत ‘स्मृति’ तो हाच शब्द. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत दीर्घकाळच्या दुखण्याने गांजलेल्या रुग्णांना ही साधना शिकविण्यास आरंभ केला आणि तेथून ती जगभर गेली. मराठीत तिला हल्ली ‘सजगता’ म्हणतात. पण आपल्याकडे याहून जुना आणि अधिक घरगुती असा एक शब्द आहे: अवधान. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले ते अवधानच. ऐकणाऱ्याने वक्त्याला काय द्यावे, तर आपले संपूर्ण चित्त द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती.

रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर आहे, दक्षिण कोसलची प्राचीन राजधानी श्रीपूर. विटांच्या लक्ष्मण मंदिराचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. तेथील बौद्ध विहार मातीखालून वर आणण्याचे मोठे काम १९५० नंतरच्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने केले. महाशिवगुप्त बालार्जुनाच्या राज्यात आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने बांधलेला विहार त्या उत्खननात मिळाला. त्या विहारातील भिक्षूंना जे नियम पाळावे लागत त्यांत नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याचा नियम होता. आज त्याच सिरपुरात शासनातर्फे नृत्यसंगीताचा उत्सव भरविला जातो. आनंदप्रभ भिक्षूला हे पाहून काय वाटले असते, असा विचार मनात येऊन गंमत वाटते.

पण त्या नियमामागचे कारण पाहिले तर भिक्षू गाण्याला तुच्छ लेखीत होते असे दिसत नाही. धर्मवचने लांबण लावून गाण्यात कोणते दोष आहेत हे बुद्धांनी एका ठिकाणी सांगितले आहे. गाणारा स्वतः त्या स्वरावर लुब्ध होतो, ऐकणारेही लुब्ध होतात, आणि सुरावटीच्या हव्यासाने समाधी भंगते, असे ते दोष आहेत. ही परीक्षा अरसिकाची नव्हे. स्वराची ओढ किती बळकट असते हे ज्याने आतून जाणले आहे त्याचीच आहे. याचा पुरावा त्याच त्रिपिटकात, दीघनिकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात सापडतो. बुद्ध इंद्रशाल गुहेत ध्यानस्थ बसले आहेत. इंद्राला भेट हवी आहे, पण ध्यान मोडण्याचा धीर होत नाही. म्हणून तो पंचशिख गंधर्वाला पुढे पाठवितो. पंचशिख आपली बेलाच्या लाकडाची वीणा घेऊन फार दूर नाही, फार जवळ नाही, अशा अंतरावर उभा राहतो आणि गाऊ लागतो. गाणे कशाचे? आपल्या प्रेयसीच्या विरहाचे! आणि त्यात उपमा मात्र अर्हतांच्या आणि बुद्धांच्या. गाणे संपल्यावर बुद्ध रागावत नाहीत, कान झाकून घेत नाहीत. तुझ्या तारांचा नाद तुझ्या गळ्याशी आणि तुझा गळा तारांशी मिळून गेला आहे, एकाने दुसऱ्यावर कुरघोडी केलेली नाही, अशा आशयाची दाद ते देतात. आणि हे गीत तू केव्हा रचलेस, असे विचारतात.

या दादेकडे गाण्याच्या माणसाने नीट पाहावे. सर्वसामान्य श्रोता त्या जागी एकतर प्रेयसीच्या वर्णनाने विरघळला असता, किंवा साधूसमोर असले गीत कसले गातो म्हणून कावला असता. दोन्ही प्रसंगी त्याने ऐकले असते ते आपलेच मन. ध्यानातून उठलेल्या त्या श्रोत्याने ऐकली ती वीणा, तो गळा आणि त्या दोहोंचा मेळ. गीतातला विरह त्याला कळला नाही असे नाही. कळला म्हणूनच तो कधी रचलास असे विचारले. पण तो विरह पंचशिखाचा म्हणून कळला.

ध्यानाचे हे दोन प्रकार कानावर कसा निराळा परिणाम करतात, याची परीक्षा प्रयोगशाळेतही झाली आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग या तिघांनी काही योग्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींची नोंद करून १९६१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत ‘अल्फा’ नावाच्या संथ लहरी उठत असतात. मध्येच आवाज झाला की त्या क्षणभर तुटतात. समाधीत बसलेल्या या योग्यांपुढे लखलखीत प्रकाश आणला, मोठा आवाज केला, कढत नळी अंगाला लावली. लहरी तुटल्या नाहीत. दार आतून बंद होते. पुढे १९६६ मध्ये कासामात्सु आणि हिराई या जपानी संशोधकांनी झेन पंथाच्या साधकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बारीकसा खट् असा आवाज ठरावीक अंतराने वीस वेळा ऐकविला. सामान्य माणसांच्या बाबतीत पहिल्या काही आवाजांना लहरी तुटल्या, मग मेंदूला सवय झाली आणि त्याने दखल घेणे सोडून दिले. मुरलेल्या झेन साधकांच्या लहरी मात्र विसाव्या आवाजालाही पहिल्याइतक्याच तुटल्या आणि लगेच पूर्ववत जुळल्या. त्यांच्या कानी वीसही आवाज नवे होते. १९८१ मध्ये अमेरिकेत असा प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा मात्र हा भेद आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. चार-सहा माणसांवरच्या प्रयोगाला वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. तरीही त्या दोन चित्रांतील फरक मनात ठेवण्यासारखा आहे. एक ध्यान कानाचे दार लावते. दुसरे दार उघडे ठेवते आणि उंबऱ्यावर सवयीचा जो पहारेकरी बसलेला असतो तेवढा उठवून देते.

गाण्याच्या रसास्वादात हा पहारेकरी फार नडतो. विलंबित ख्यालाची तिसरी आवर्तने चालू असतात, गवई गांधारावर थबकून परत षड्जाकडे येत असतो, आणि श्रोत्याचे मन ‘हे कळले, पुढे काय’ असे म्हणून उद्याच्या कामाकडे निघून जाते. गांधार दर वेळी निराळा लागलेला असतो; ऐकणारा मात्र पहिला गांधार आठवून बसलेला असतो. मग द्रुत लय येईपर्यंत त्याच्या हाती काही लागत नाही.

गाणे ऐकताना मनात ज्या भावना उठतात त्यांचे पदर सुटे करून पाहिले तर निदान तीन तरी सापडतात. पहिला पदर अपेक्षेचा. सम येणार, आता आली, आणि आली! या वाट पाहण्यातच गाण्याचे अर्धे सुख असते. कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की आवडत्या गाण्याने अंगावर रोमांच येतात तेव्हा मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य पाझरते. आणि विशेष असे, की तो क्षण येण्यापूर्वी, नुसत्या चाहुलीनेही ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात पाझरू लागते. दुसरा पदर खुद्द स्वराचा: षड्जाची विश्रांती, कोमल ऋषभाचा कंप, तानपुऱ्याच्या जव्हारीतून उठणारा झंकार. तिसरा पदर स्मृतीचा. हे गाणे त्या घरात ऐकले होते, ते माणूस तेव्हा होते, आता नाही. हे तिन्ही पदर एकमेकांत असे पिळलेले असतात की आपण म्हणतो, ‘काय करुण गायला हो!’ आणि रडत असतो ते आपल्या वडिलांसाठी.

अवधानाचा अभ्यास या तिन्हींपैकी कोणताही पदर तोडून टाकीत नाही. तो पीळ सैल करतो. घशात आवंढा आला, तर आवंढा आला हे कळते. तो स्वरामुळे आला की आठवणीमुळे हेही पुष्कळदा कळते. आणि कळल्याबरोबर एक चमत्कारिक गोष्ट होते. आठवण राहते, दुःखही राहते, पण त्यांच्या पलीकडे गवयाचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतो. फ्रँक डायझ या अमेरिकन संशोधकाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना थोडा वेळ सजगतेचा पाठ देऊन मग पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या संगीतिकेतील उतारा ऐकविला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाठ घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी आपली ऐकण्याची रीत त्यामुळे बदलली, लक्ष अधिक गुंतले, असे सांगितले. एका बैठकीत एवढेच व्हावयाचे. वर्षानुवर्षांच्या साधनेने काय होते हे अशा प्रयोगांतून मोजणे कठीण आहे. त्यासाठी आपल्याच जुन्या ग्रंथांकडे वळावे लागते.

काश्मीरच्या अभिनवगुप्ताने, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, भरताच्या नाट्यशास्त्रावर जी टीका लिहिली तीत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक विघ्न म्हणजे आपल्या खाजगी सुखदुःखाच्या कह्यात जाणे. ज्याचे मन स्वतःच्या सुखाने किंवा दुःखाने व्यापलेले आहे तो दुसऱ्या वस्तूत विश्रांती कशी पावणार, असा त्याचा प्रश्न आहे. आणि या विघ्नावर त्याने उपाय कोणता सांगावा? गीत आणि वाद्य! नाटकात संगीत घालावयाचे ते प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या कोठडीतून बाहेर काढण्यासाठी. म्हणजे जे काम साधक आसनावर बसून करतो, तेच काम रंगभूमीवर मृदंग आणि वीणा करीत असतात. काश्मिरी शैवांच्या ‘विज्ञानभैरव’ ग्रंथात तर तंतुवाद्याच्या लांबत जाणाऱ्या नादामागे चित्त लावून जाणे ही एक धारणाच सांगितलेली आहे.

आपल्या देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने मात्र याबाबत एक रोखठोक गोष्ट सांगून ठेविली आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या या पंडिताने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाचे दोन भेद सांगितले आहेत, अनाहत आणि आहत. अनाहत नादाची उपासना मुनी करतात. तो मुक्ती देतो, पण त्यात रंजन नाही. म्हणून लोकांसाठी आहत नादाचे, म्हणजे कानाने ऐकू येणाऱ्या गाण्याचे, विवरण करावयाचे. कारण ते मन रंजविते आणि भवबंधनही तोडते. ध्यानाने गाणे विटते काय, या भयाला तेराव्या शतकातील या कारकुनी थाटाच्या, नेमक्या पंडिताने दिलेले हे उत्तर आहे. दोन नाद, दोन वाटा. एकीचा हिशेब दुसरीच्या वहीत लिहू नये.

असो. ग्रंथांतून बाहेर यावे तर रायपूरच्या पश्चिमेस खैरागड आहे. तेथील राजघराण्याने आपला वाडा दिला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. १९५७ पासून काही वर्षे त्याचे कुलगुरुपद श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांकडे होते. भातखंड्यांच्या या शिष्याने कितीएक पिढ्यांना गाणे शिकविले. गाण्याचा विद्यार्थी पहाटे उठून खर्ज लावतो. एकच स्वर, एकाच श्वासात, कापू न देता. तो हलला की हलल्याचे कळले पाहिजे, आणि कळल्यावर चिडता कामा नये, परत जागेवर आणले पाहिजे. सजगतेचे वर्ग घेणारा शिक्षक श्वासाबद्दल अक्षरशः हेच सांगतो. खर्ज लावणाऱ्या त्या पोराला कोणी ध्यानी म्हणत नाही, एवढाच फरक. तालात गाणाऱ्याला तर भान हरपून चालतच नाही. नरेंद्राचे गाणे ऐकता ऐकता रामकृष्ण परमहंसांना समाधी लागत असे. गाणारा नरेंद्र मात्र सम सोडीत नव्हता. एकाच गाण्याच्या दोन टोकांना ध्यानाचे हे दोन प्रकार समोरासमोर बसलेले असत, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही ध्यानाला आपला असा एक धोका आहे, आणि तो स्वामीजींच्याच चरित्रात दिसतो. परिव्राजक असताना १८९१ ते १८९३ या काळात राजस्थानात खेतडीचे राजे अजितसिंह यांचा त्यांना सहवास घडला. एका संध्याकाळी राजांकडे नर्तकीचे गाणे होते. त्यांनी स्वामीजींना बोलाविले. संन्याशाने असल्या मैफलीस बसणे उचित नाही, असा निरोप उलट गेला. ही घटना खेतडीची की जयपूरची, याविषयी चरित्रांत एकमत नाही, पण पुढचे सर्वत्र सारखेच आहे. तो निरोप त्या गायिकेच्या कानी गेला. तिने सूरदासांचे पद धरले. परिसाला देव्हाऱ्यातील लोखंड आणि खाटकाच्या हातातील लोखंड यांत भेद नसतो. माझे अवगुण मनात धरू नकोस, असा त्या पदाचा आशय. संध्याकाळच्या शांततेत ते सूर स्वामीजींच्या खोलीपर्यंत पोहोचले. सर्वत्र एकच आत्मा पाहणाऱ्या वेदान्त्याने एका बाईला मात्र निराळे काढले होते, हे त्या पदाने त्यांना दाखविले. ते उठून मैफलीत गेले.

या प्रसंगाची कथा पुष्कळदा केवळ विनयाचा दाखला म्हणून सांगितली जाते. पण त्यात ऐकण्याचे मर्म आहे. नकार कळविणारा माणूस ध्यानात काही उणा नव्हता. उणे होते ते एवढेच, की ‘मी संन्यासी’ या जाणिवेने कानावर पहारा बसविला होता. गाणे ऐकण्याआधीच गाण्याबद्दलचे मत तयार होते. अभिनवगुप्ताच्या विघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाचा उल्लेख आहे. स्वतःच्या साधुत्वाचाही त्यात समावेश करावयास हवा होता. आणि पुढचे काम मात्र ध्यानानेच केले. पद ऐकताच आपल्या मनातील तो पहारेकरी स्वतःला दिसणे, आणि दिसल्यावर त्याचे समर्थन न करता उठून चालू लागणे, हे सराव नसलेल्या मनाला सहज साधत नाही. आपण सामान्य माणसे अशा वेळी खिडकी लावून घेतो.

खिडकी लावून घेण्याचे प्रसंग प्रत्येक घरात येतात. घरात नुकतेच कोणी गेलेले असते, रेडिओवर त्या माणसाच्या आवडीचे गाणे लागते, आणि कोणीतरी घाईने उठून कळ फिरविते. काही घरांत ते गाणे पुढे वर्षानुवर्षे लागत नाही. गाणे नको असते असे नाही. त्याच्या पाठीमागून जे येईल ते नको असते. याच्या उलट दिशेनेही माणसे पळतात. आज कानात घालावयाच्या यंत्रातून दिवसभर गाणी वाहत असतात, आणि त्यांचे काम पुष्कळदा एवढेच असते की मनात दुसरे काही ऐकू येऊ नये. एकाने गाणे बंद केले, दुसऱ्याने ते बंदच होऊ दिले नाही. दोघांनीही ऐकलेले नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून जी दहा दिवसांची शिबिरे होतात त्यांत गाणे-बजावणे वर्ज्य असते. हा निर्बंध ऐकून रसिकाला प्रथम धास्ती वाटते. पण त्या दहा दिवसांनंतर घरी येऊन ऐकलेला पहिला तानपुरा आपण पूर्वी कधी ऐकलाच नव्हता असे वाटले, ही हकीकतही अशा रसिकांकडूनच कळते.

रायपुरात माधवराव सप्रे नावाचे एक मराठी गृहस्थ होऊन गेले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले ते त्यांनीच, आणि समर्थांचा ‘दासबोध’ही. दासबोधात नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणाने होते, आणि पुढे सातव्या दशकात समर्थ पुन्हा श्रवणाकडे वळतात. ऐकणे ही मिळून गेलेली गोष्ट नसून करावयाची गोष्ट आहे, हे समर्थांनी गृहीतच धरलेले आहे. घरातल्या त्या बंद पडलेल्या गाण्याच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे. एके दिवशी दार लावून, दुसरे काही हाती न घेता, ते गाणे लावावे. श्वास जड होईल, तो जड झाला हे जाणावे. ते माणूस आठवेल, आठवू द्यावे. मध्येच सारंगीचा एखादा सूर येईल, जो त्या माणसाने आणि आपण शेजारी बसून कितीदा ऐकला आणि कधी लक्ष देऊन ऐकला नाही. पहिल्या खेपेस गाणे अर्ध्यावर थांबवावे लागले तरी चालेल.

४ जुलै १९०२ रोजी, आयुष्याच्या शेवटच्या दिवशी, विवेकानंद सकाळी बेलूर मठाच्या देवघरात गेले आणि दारे-खिडक्या लावून सुमारे तीन तास ध्यानस्थ बसले. नंतर ते जिना उतरून खाली आले तेव्हा त्यांच्या तोंडी कालीचे एक गाणे होते.